नाशिकच्या बागेत, शरदात, दोन रीतींचं लग्न: या चुका टाळा

पन्नास-साठ माणसं, गंगापूर धरणाच्या बाजूची एखादी द्राक्षबाग, एक घर मराठी आणि दुसरं तमिळ. अशा लग्नातले बहुतेक घोळ एकाच कारणाने होतात: दोन्ही घरं आपापलं गृहीत धरून चालतात आणि समोरच्याला विचारायचं राहून जातं.

आधी बाग बुक, मग पंचांग

आपल्याकडे चातुर्मासात नेहमीचे मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागलं की मगच सुरुवात. तमिळ घरात मात्र ऐप्पसी महिना, म्हणजे साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर, लग्नाला चालतो. त्यामुळे ते सहज ऑक्टोबरची तारीख सुचवतात. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून त्यांचा मार्गळी महिना लागतो आणि त्यात ते लग्न करत नाहीत. म्हणजे दोघांना चालेल असा काळ तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा. उघड्यावरच्या लग्नालाही हाच बरा, कारण ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. नोव्हेंबरातही अवकाळी येतोच, म्हणून छप्पर असलेली एक जागा हाताशी ठेवा.

मुहूर्ताच्या वेळेचंही तसंच. गोरज मुहूर्त आपल्याला फार आवडतो आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी वार रविवार निवडला जातो. पण रविवारी साडेचार ते सहा हा राहुकाळ, आणि नोव्हेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तमिळ आजी-आजोबा राहुकाळ काटेकोर पाळतात. उलट त्यांचा पहाटेचा मुहूर्त घ्यावा तर आपल्याकडे तेव्हा लॉनवर दव असतं आणि थंडीने नवरीचे हात काकडतात. सकाळी नऊ-दहाच्या आसपास काही मिळतंय का ते दोन्ही गुरुजींना एकत्र बसवून विचारा, फक्त त्या दिवशीचा राहुकाळ तपासून. शनिवारी तो नऊ ते साडेदहा असतो, शुक्रवारी साडेदहा ते बारा.

बागेत घड लगडलेले असतील असं धरून चालणं

नसतात. नाशिकच्या बागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि माल जानेवारीच्या पुढे उतरतो. नोव्हेंबरात वेलीवर कोवळी फूट, फुलोरा, फार तर बारीक मणी असतात. केवडा, म्हणजे डाउनी या बुरशीच्या रोगाच्या, भीतीने फवारण्याही याच दिवसांत जोरात असतात. तुमच्या लग्नासाठी शेतकऱ्याने फवारणी चुकवावी अशी अपेक्षा धरू नका, त्याचं वर्षाचं पीक त्यावर अवलंबून असतं. वेळापत्रक आधी विचारून घ्या आणि मांडव ओळींपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला घाला. शेजारच्या बागेचंही विचारा, ब्लोअरचा फवारा बांध ओळखत नाही.

अक्षता पडल्या की जेवण सुरू

ही चूक सगळ्यात जास्त दुखावते. आपल्याकडे ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली की लग्न लागलं आणि मंडळी पानाकडे वळतात. कन्यादान, होम, सप्तपदी घरच्या चार माणसांसमोर होते. तमिळ लग्नाचा प्राण ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधण्यात असतो. पहिली गाठ पडताना नादस्वरम आणि तविल एकदम उंच वाजतात, ‘केट्टी मेळम’ म्हणतात ते हेच, आणि सगळे उभे राहून अक्षता टाकतात. त्या क्षणी अर्धा मांडव बुफेच्या रांगेत असेल तर तमिळ घरच्यांना काय वाटेल?

उपाय सोपा आहे. केटररला स्पष्ट सांगा की ताली बांधून झाल्याशिवाय एकही झाकण उघडायचं नाही. मंगलाष्टकांनंतर एखाद्या मामाने माइकवरून दोन वाक्यांत सांगावं की अजून मुख्य क्षण यायचा आहे. पन्नास माणसं सहज थांबतात. छोट्या लग्नाचा मला वाटणारा मोठा फायदा हाच, सगळ्यांना सगळं बघता येतं.

सगळे विधी दोनदा

लाजाहोम, सप्तपदी, पाषाणावर पाय ठेवणं हे दोन्हीकडे आहे. ते एकदाच करा, मंत्र कोण म्हणणार ते गुरुजींना ठरवू द्या. वेगळं ते मात्र पूर्ण करा: आपला अंतरपाट, त्यांचा ऊंजल. ऊंजल म्हणजे वधू-वरांना झोपाळ्यावर बसवून ओवाळणं. त्याचा झोपाळा फुलांचा देखावा असून चालत नाही, दोन माणसांचं वजन पेलणारी तुळई लागते. डेकोरेटरला हे सांगितलं नाही तर तो फोटोपुरता झोपाळा आणतो.

धरणाकडून वारं सुटलं की अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातात शिडासारखा फुगतो. खालच्या कडेला दोन्ही टोकांना सुपारी बांधून घ्या. सप्तपदीच्या तांदळाच्या सात राशीही उघड्या पाटावर टिकत नाहीत, केळीच्या पानाचे खोलगट द्रोण करून त्यात ठेवा. होमकुंडाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडोसा हवा आणि मांडवाचं कापड ज्वाळेपासून उंच.

कागद शेवटी बघू

दोघं हिंदू असतील तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे कोणत्याही एका बाजूच्या रीतीने लागलेलं लग्न चालतं, नोंदणी तेवढी करून घ्या. धर्म वेगळे असून दोघांनाही आपापला धर्म ठेवायचा असेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा बघा. त्यात ३० दिवसांची नोटीस असते, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस वास्तव्य लागतं, सही करायला तीन साक्षीदार हवेत. नोटीस तीन महिन्यांत वापरली नाही तर पुन्हा द्यावी लागते. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या लग्नासाठी ती सप्टेंबर सरता-सरता द्यावी, त्याआधी दोन महिने घाई करून उपयोग नाही.