स्पॅझमनंतरचा अर्धा तास

भूलशास्त्रात नवीन आलात ना? लॅरिंगोस्पॅझम, म्हणजे स्वरयंत्र आवळून श्वास बंद होणं, तुम्हांला पाठ असेलच. मलाही होता.

मालवणकडे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जाणारा पोरगा, वय २४, अपेंडिक्सचं ऑपरेशन. पुढची केस बाहेर तयार, म्हणून अर्धवट भुलीतच श्वासाची नळी काढली. घाई माझी. लगेच स्वरयंत्र आवळलं. छाती आत, पोट वर, हातातली बॅग दाबता दाबेना. जबडा उचलून ऑक्सिजनचा दाब धरला, थोडं प्रोपोफॉल (भुलीचं औषध) दिलं, सुटलं. सॅच्युरेशन ९८. मी चहाला गेलो.

तिथेच फसलो. अर्ध्या तासात त्याची आई धावत आली, "डॉक्टरांनू, ह्येच्या तोंडातसून रगात येता!" गुलाबी फेस होता तो. सॅच्युरेशन ८२, छातीत दोन्हीकडे क्रेप्स, म्हणजे ओलसर करकर. आधी ॲस्पिरेशन, म्हणजे पोटातलं फुप्फुसात गेलं, म्हणालो, मग सलाइन जास्त झालं म्हणालो. गेलं होतं जेमतेम एक लिटर!

हा निगेटिव्ह प्रेशर पल्मनरी एडिमा, म्हणजे ओढीच्या दाबाने फुप्फुसात आलेलं पाणी. हे पाणी आपण भरलेलं नसतं, पेशंटने स्वतः ओढलेलं असतं. एरवी छातीतला दाब उणे ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याएवढा. बंद स्वरयंत्राविरुद्ध जीव खाऊन श्वास ओढला की तो उणे १०० पर्यंत जातो. शिरांतलं रक्त छातीकडे धावतं, हृदयाच्या डाव्या वेंट्रिकलला ते पुढे ढकलणं जड जातं, केशवाहिन्यांतून पाणी फुप्फुसात पाझरतं. म्हणून हे दणकट तरुणांत जास्त. रापणीची दोरी ओढणाऱ्याची ओढ ती! नळी दातांत चावून धरली तरी हेच होतं, तेव्हा दातांत ठेवायचा बाइट ब्लॉक विसरलात तर तुमची खैर नाही.

घाबरू मात्र नका. डोकं वर, ऑक्सिजन, सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा); दमलाच तर पुन्हा नळी. हात आपसूक लॅसिक्सकडे, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाकडे, जातो, माझाही गेला. पण अंगात जादा पाणी नसतंच, त्यामुळे त्याचा उपयोग वादाचा. व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यांत हे सापडत नाही. माझे सर फोनवर ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "नळी काढताना तो डोळे उघडून बघत होता का?" असा एक वरिष्ठ जोडून ठेवा, बाकीचे फोन उचलतच नाहीत.

बहुतेकांचं एक-दोन दिवसांत निवळतं. त्याला रात्रभर सीपॅप लागला. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला दारात उभी केलेली ॲम्ब्युलन्स सकाळी परत पाठवली.

आता स्पॅझम झालेला पेशंट दोन तास तरी माझ्या नजरेआड जात नाही. सर्जननी खुशाल कुरकुर करावी. चहा रिकव्हरीतच मागवतो.