नाशिक कायमचे सोडावे का: निर्णय घेण्याची एक पद्धत

दूरच्या, अनोळखी देशाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, मिळाल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर जावे की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो मिळवण्यात गेलेली वर्षे आणि खर्च झालेले पैसे हेच जाण्याचे कारण होऊन बसते. पुढे दिलेली पद्धत खरे तर त्या पत्राच्या आधी वापरायची आहे. पेढे वाटून झाले असतील तरीही ती उपयोगी पडेल. मी स्वतः कॅनडातील विनिपेग शहरात दोन हिवाळे काढून नाशिकला परत आलो, आणि माझ्याच बरोबर गेलेला एक मित्र तिथे समाधानाने स्थिरावला. त्यामुळे उदाहरणे बहुतेक त्याच शहराची आहेत. देश दुसरा असेल तर नियम त्या देशाचे पाहावेत, प्रश्न मात्र हेच विचारावेत.

सुरुवात दोन कोऱ्या कागदांनी करावी. नवरा आणि बायको यांनी, एकमेकांना न दाखवता, आपापल्या कागदावर एका बाजूला 'कशाला कंटाळून जातो आहोत' आणि दुसऱ्या बाजूला 'कशासाठी जातो आहोत' हे लिहावे. पहिल्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे ती अडचण नाशिकमध्येच, किंवा फार तर पुण्याला जाऊन, सुटण्यासारखी आहे का याची खूण करावी. द्वारका चौकातील वाहतुकीची कोंडी चुकवण्यासाठी घर बदलता येते, अंबडच्या कारखान्यात पगार वाढत नसेल तर चाकणला अर्ज करता येतो, आणि भावाशी पटत नसेल तर गंगापूर रोडला वेगळे बिऱ्हाड करता येते. त्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडावा लागत नाही. दुसऱ्या बाजूला काहीच लिहिता आले नाही, तर निर्णय पुढे ढकलावा. दोघांचे कागद शेवटी एकत्र वाचावेत. एकाने 'मुलीचे शिक्षण' लिहिले आहे आणि दुसऱ्याने 'सासरपासून लांब', असे निघाले तर अवघडल्यासारखे होईल खरे, पण तिथे गेल्यावर उणे तीस अंशांत कळण्यापेक्षा ते इथेच कळलेले बरे.

परत फिरवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी

माझ्या मते सगळा निर्णय या एका वर्गवारीवर उभा असतो. 'कायमचे' हा शब्द ऐकून माणसे विमानात बसण्याचा दिवस हाच निर्णयाचा दिवस मानतात आणि त्याच्या आधी महिनाभरात फ्लॅट, गाडी, जमीन, दागिने असे सगळे निकालात काढतात. कायदा इतकी घाई करीत नाही. कॅनडात कायम वास्तव्याचा दर्जा टिकवण्यासाठी दर पाच वर्षांच्या काळात ७३० दिवस तिथे राहणे पुरते, आणि नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलेले असावे लागते. म्हणजे तिथे पाऊल ठेवल्यावरही खरा निर्णय करायला काही वर्षे हाताशी असतात. ती वर्षे वापरायची असतील, तर मागे परतण्याजोगे काहीतरी शिल्लक ठेवावे लागते.

नोकरी सोडणे, गाडी विकणे, सामान काढून टाकणे या गोष्टी त्रासाच्या असल्या तरी भरून निघतात. फ्लॅट विकणे मधल्या वर्गात येते: दोन-तीन वर्षांनी त्याच पैशांत त्याच भागात घर मिळेलच असे नाही, म्हणून शक्य असेल तर तो अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने द्यावा आणि विक्रीचा विचार दुसऱ्या हिवाळ्यानंतर करावा. मात्र अनिवासी झाल्यावर फ्लॅट विकला, तर पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात एरवी कापला जाणारा १ टक्का टीडीएस लागू होत नाही. खरेदीदाराला बराच जास्त कर कापावा लागतो आणि तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. हा भुर्दंड आधीच हिशेबात धरावा.

शेतजमिनीचे तसे नाही, आणि नाशिक जिल्ह्यात हा मुद्दा पुष्कळ घरांना लागू पडतो. निफाड, दिंडोरी किंवा चांदवडकडे वडिलोपार्जित द्राक्षबाग किंवा कांद्याची जमीन असते, भाव बरा आलेला असतो, आणि तिकडचे पहिले वर्ष काढण्यासाठी ती विकण्याचा मोह होतो. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड) असलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली किंवा आधीपासून नावावर असलेली मात्र ठेवता येते. पुढे परत येऊन रहिवासी झाले तरी महाराष्ट्राच्या १९४८ च्या कूळ कायद्यानुसार शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, आणि सगळी जमीन विकून टाकलेल्या माणसाला आपण शेतकरी आहोत हे सातबारावाचून सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून बाकी काही विकावे लागले तरी जमिनीचा निदान एक तुकडा नावावर ठेवावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. निघण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार तपासून वारस नोंदी पूर्ण करून घ्याव्यात आणि विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून प्रमाणित करून, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरण्याची यातायात त्यामुळे वाचते. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार द्यावा का, यावर दोन रात्री विचार करावा.

नागरिकत्व ही खऱ्या अर्थाने बिनपरतीची वाट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डावर येता-जाता आणि राहता येते, मतदान करता येत नाही. पुन्हा भारतीय नागरिक व्हायचे झाले, तर ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद असावी लागते, अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहावे लागते आणि परदेशी नागरिकत्व सोडावे लागते. पीआर घेणे आणि नागरिकत्वाची शपथ घेणे हे दोन निरनिराळे निर्णय आहेत, आणि पहिला केला म्हणून दुसरा करावाच लागतो असे नाही.

वाईट महिन्यात जाऊन पाहावे

नाशिकची माणसे मुलांच्या सुटीत, म्हणजे मे-जूनमध्ये, नातेवाइकांकडे जाऊन शहर 'पाहून' येतात. त्या दिवसांत विनिपेगला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, बागा फुललेल्या असतात, आणि असे शहर कोणालाही आवडेल. जायचे ते जानेवारीच्या उत्तरार्धात. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आपल्याकडे वर्तमानपत्रात बातमी होते आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात; विनिपेगमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असते, काही रात्री पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो, आणि इंजिन गोठू नये म्हणून उभ्या गाडीची वायर विजेच्या खांबाला जोडून ठेवतात. थंडीला कपडे असतात. अंधाराला नसतात. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. मला स्वतःला थंडीपेक्षा त्या दुपारींनीच जास्त खचवले, हे मी आधी कोणाच्या तोंडून ऐकले असते तरी मला खरे वाटले नसते.

तीन आठवडे मिळाले तर उत्तम, दहा दिवस तरी काढावेत. नातेवाइकांकडे उतरू नये, कारण त्यांच्या घरी वरण-भात आणि गाडी दोन्ही आयते मिळते. भाड्याच्या खोलीत राहावे, बसने जाऊन आठवड्याचा किराणा आणावा, स्वतः स्वयंपाक करून भांडी घासावीत, दारापुढचा बर्फ फावड्याने ओढावा, आणि एक पूर्ण रविवार काहीही न ठरवता घालवावा. नायगारा पाहायला जाऊ नये. तो विनिपेगपासून फार लांब आहे आणि त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

तिथल्या लोकांशी बोलताना 'कसे वाटते इथे?' असे विचारले की 'छान' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते दहा काय केले, शेवटचे कोणाच्या घरी न सांगता कधी गेलात, ताप आला तेव्हा डॉक्टर किती दिवसांनी भेटला, असे विचारावे. परत आलेल्या माणसांशीही बोलावे. ती नाशिकमध्येच असतात, फक्त त्याविषयी आपणहून बोलत नाहीत.

आई-वडील

या भागाला सोपे उत्तर नाही, आणि तो 'बघू पुढे' म्हणून टाळला जातो, म्हणून मी तो वेगळा काढला आहे. हिवाळ्यात विनिपेग नाशिकच्या साडेअकरा तास मागे असते: इथे रात्रीचे आठ वाजलेले असताना तिथे सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि माणूस कामाच्या घाईत असतो; इथे दुपारी तीनला वडील बाथरूममध्ये घसरून पडले, तर तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. मुंबईपर्यंतचा रस्ता, विमाने बदलणे आणि थांबणे हे सगळे धरून दारापासून दारापर्यंत दीड दिवस सहज जातो. रामकुंडावर दशक्रियेसाठी परगावची माणसे रोज येताना आपण पाहतो. विनिपेगहून निघालेला मुलगा त्या दहाव्या दिवसाला पोहोचेल, पण शेवटच्या दर्शनाला बहुधा पोहोचणार नाही. हे आई-वडिलांशी शांतपणे, त्यांची तब्येत चांगली असतानाच बोलावे, आणि त्यांना 'आमची काळजी करू नका' या वाक्यावर सुटू देऊ नये.

पालकांना तिकडे नेता येईल या भरवशावर राहणाऱ्यांनी नियम नीट वाचावेत. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा उतरवावा लागतो. कायमचे बोलावण्याचा मार्ग अरुंद आहे आणि त्यात वीस वर्षांच्या आर्थिक जबाबदारीची हमी द्यावी लागते. शिवाय सत्तरीतल्या आईला उणे वीसमध्ये घरात बसवून ठेवणे तिला रुचेल का, हे तिलाच विचारावे. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा एक माणूस, घराची दुसरी किल्ली सांभाळणारा एक शेजारी आणि औषधांची चिठ्ठी माहीत असलेला एक डॉक्टर अशी तीन नावे कागदावर लिहिता आली नाहीत, तर जाण्याची तारीख ठरवू नये.

पैसा आणि पेशा

येथे थोडक्यात सांगतो. तिथल्या पगाराला रुपयाने गुणू नये; कर, भाडे, पाळणाघर आणि गाडी वजा जाता हातात काय उरते ते डॉलरमध्येच लिहावे, आणि नोकरी न मिळता निदान सहा महिने निघतील एवढी रक्कम वेगळी ठेवावी. जोडीदाराचा पेशा आधी तपासावा. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फार्मासिस्ट, शिक्षक यांना तिथल्या प्रांताचा परवाना नव्याने मिळवावा लागतो, आणि नवऱ्याला नोकरी मिळाली म्हणून निघालेल्या घरात बायकोची पंधरा वर्षांची कारकीर्द याच टप्प्यावर थांबते. ही किंमत दोघांनी मिळून मोजलेली असावी. मुले दहावी ते बारावीत असतील तर मी थांबलो असतो. इथले बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही.

फेरविचाराची तारीख

जायचे ठरले, तर निघण्यापूर्वीच दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा एक दिवस फेरविचारासाठी नक्की करून कागदावर लिहून ठेवावा, आणि त्या दिवशी काय असले तर राहायचे व काय नसले तर परतायचे, हेही शेजारीच लिहावे, म्हणजे मधल्या काळात दर महिन्याला त्यावरून घरात वाद होत नाहीत. तो दिवस दिवाळीच्या आसपास ठेवू नये, कारण त्या आठवड्यात प्रत्येकालाच परत यावेसे वाटते; जुलैतही ठेवू नये, कारण तेव्हा कोणालाच परतावेसे वाटत नाही. एप्रिलचा मधला आठवडा बरा: विनिपेगमध्ये बर्फ वितळून रस्त्याकडेला काळपट चिखल साचलेला असतो, नाशिकमध्ये ऊन चाळिशीकडे चाललेले असते, आणि दोन्ही गावे आपापल्या खऱ्या रूपात असतात.