कुत्र्यासाठी सशाचं मटण घेताय? खर्चाच्या हिशोबात या चुका टाळा

सशाचं मटण महाग असतं हे कुत्र्याला कच्चं खाऊ घालणाऱ्या सगळ्यांनाच माहितीये, पण नक्की किती महाग पडतंय असं विचारलं की बहुतेक जण किलोचा भाव सांगून मोकळे होतात, आणि गणित तिथंच फसतं. त्या किलोत हाड किती, पाणी किती, चरबी किती, त्यातलं कुत्र्याच्या पोटात किती गेलं आणि त्याचं तेवढ्यावर भागलं का, हे सगळं बघितल्याशिवाय खरा आकडा हाती येत नाही.

ससा महाग असण्यात विकणाऱ्याची लबाडी फार कमी असते हेही आधीच सांगून टाकतो. ब्रॉयलर कोंबडी पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य खाऊन एक किलो वजन धरते, सशाला आईचं खाणं धरून त्याच एका किलोसाठी साधारण तीन ते चार किलो लागतं. त्यात धंदा छोटा, सोलणं-कापणं बरंचसं हातानं, आणि पिल्लांची मरतूक वेगळीच. त्यामुळे कोंबडीच्या भावात ससा शोधत बसू नका, आणि कुणी देत असेल तर आधी विचारा की हा आला कुठून.

वेगवेगळ्या मालाचे भाव एका रांगेत लावणं

जिवंत ससा, केसासकट अख्खा ससा, ड्रेस केलेला (म्हणजे सोलून, आतडं काढून साफ केलेला), बोनलेस, हाडासकट खिमा, हे सगळं "ससा" या एकाच नावाखाली विकलं जातं आणि लोक सगळ्यांचे भाव शेजारी शेजारी ठेवून सगळ्यात कमी आकडा उचलतात. मटणासाठी वाढवलेला ससा दहा-बारा आठवड्यांत सव्वादोन-अडीच किलोचा होतो आणि ड्रेस केल्यावर त्यातलं निम्मं किंवा किंचित जास्त उरतं. म्हणजे जिवंत सशाचा भाव किलोला १०० धरला तर ड्रेस केलेल्याचा १९० झाला तरी दोन्ही जवळपास सारखेच पडले. हा हिशोब माणसाच्या ताटासाठी ठीक आहे. कुत्र्याचं तसं नाही, कारण डोकं, पाय, काळीज, फुफ्फुसं, गुर्दे, कान, सगळंच तो खातो, फक्त पोट-आतडं आणि त्यातला चारा काढून टाकायचा (त्याचंच वजन सशाच्या पाचव्या हिश्श्याएवढं असू शकतं). त्यामुळे अख्खा ससा मिळत असेल तर तो नावाला महाग दिसला तरी वापरात बहुतेक वेळा स्वस्त निघतो. बोनलेस मात्र डोळे झाकून सोडून द्या, हाडं काढायची मजुरी आपण भरायची आणि मग हाड कमी पडतं म्हणून वेगळं आणायचं, याला काय अर्थ आहे.

अजून एक, गोठवलेला माल वितळल्यावर वजन करा. पाकीट फोडून चाळणीत ठेवायचं, खाली जे लालसर पाणी उतरेल ते बाजूला काढायचं आणि उरलेलं मटण काट्यावर टाकायचं. काही पाकिटांत तर बर्फाचा जाड थर पैसे देऊन घेतलेला असतो. पहिल्या खेपेला हे केलं की पुढच्या वेळी कुठून घ्यायचं ते आपोआप ठरतं.

दोन-तीन टक्क्यांचा नियम सशाला तसाच लावणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कुत्र्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं रोज द्यायचं असा ठोकताळा आहे, २० किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम. हा ठोकताळा बऱ्यापैकी चरबी असलेल्या मटणावर चालतो. पाळीव सशाच्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण १३६ कॅलरी आणि साडेपाच ग्रॅम चरबी असते, जंगली सशात ११४ कॅलरी आणि चरबी जेमतेम अडीच ग्रॅमच्या खाली. कातडीसकट कोंबडीची मांडी २२० च्या आसपास जाते. आता २० किलोच्या, नीट फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात असं धरा, तर निव्वळ सशावर ते भागवायला सातशे ते साडेसातशे ग्रॅम मटण लागेल, आणि तेही हाड सोडून. कोंबडीच्या मांडीचं साडेचारशे ग्रॅममध्ये काम होतं.

म्हणून मग ज्यानं बजेट ५०० ग्रॅमवर बसवलेलं असतं त्याचा कुत्रा महिन्या-दीड महिन्यात बारीक दिसायला लागतो, फासळ्या हाताला नुसत्या लागायच्या त्या डोळ्यांना दिसायला लागतात, सारखा काहीतरी हुंगत फिरतो, आणि मालकाला वाटतं जंत झालेत. जंताचं औषध जरूर द्या पण आधी कॅलरी मोजा. यावर उपाय सशाचं प्रमाण दीडपट करणं हा नाही, खिसा फाटेल. चरबी दुसरीकडून आणा, ज्या प्राण्याचं कुत्र्याला वावडं नाही त्याची थोडी चरबी रोजच्या वाटणीत हळूहळू वाढवत न्या. एकदम टाकली तर जुलाब ठरलेले, आणि ज्या कुत्र्याला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन गेलाय त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. भाव बघतानासुद्धा किलोला किती यापेक्षा हजार कॅलरीला किती पडतं ते काढून बघा, बऱ्याच जणांचे डोळे उघडतील.

पांढरी शी आणि "ससा म्हणजे संपूर्ण आहार"

अख्खा ससा, केस-कातडी आणि आतल्या अवयवांसकट, हा कुत्र्यासाठी बऱ्यापैकी संतुलित असतो, हाडाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास बसतं. पण ड्रेस केलेला ससा म्हणजे तो नव्हे. कातडी गेली, आतडं गेलं, बऱ्याचदा कलेजीसुद्धा विकणाऱ्यानं वेगळी काढून ठेवलेली, वजन निम्म्यावर आलं आणि हाडं मात्र बहुतेक सगळी तिथंच. मग तोच रोज दिला की शी पांढरी, कोरडी, खडूसारखी भुगा होणारी, आणि कुत्रा कुंथत बसतो. अशा वेळी दोन-तीन दिवस हाडाशिवायचं मटण आणि थोडी कलेजी द्या, सुटतं. उलटी होत असेल, शी होतच नसेल किंवा पोट दुखतंय असं वाटलं तर घरगुती प्रयोग बंद करून डॉक्टर गाठा. शिजवलेलं हाड तर कधीच नाही, ते फुटून टोकदार होतं.

घेताना कलेजी, काळीज, गुर्दे सोबत मागून घ्या, फार वेळा ते कमी भावात देऊन टाकतात कारण माणसं विकत घेत नाहीत. मोठ्या म्हाताऱ्या माद्या, ज्यांची वीण संपलीये, त्यांचीही चौकशी करा, फार्मवाल्याला त्या काढायच्याच असतात. मटण चिवट, पण कुत्र्याला काय फरक पडतो, वर चरबीही थोडी जास्त मिळते. हाडं मात्र कोवळ्या सशापेक्षा कडक असतात, दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दळूनच द्या. आणि दोन प्रश्न नक्की विचारा, शेवटचं औषध कधी दिलं होतं आणि ससा मारला कसा. इंजेक्शननं झोपवलेला कुठलाही प्राणी कुत्र्याला द्यायचा नाही, ते औषध मटणात राहतं आणि शिजवूनही जात नाही.

ॲलर्जीसाठी ससा, आणि सोबत कोंबडीची कलेजी

पुष्कळ जण सशाकडे वळतात ते खाजेमुळे. बीफ, दूध आणि चिकन हे कुत्र्यांच्या ॲलर्जीतले नेहमीचे गडी, म्हणून पूर्वी कधी न खाल्लेलं मटण देऊन बघायचं. कल्पना बरोबर आहे पण ही चाचणी कमीत कमी आठ आठवडे चालवावी लागते आणि त्या काळात दुसरं काहीही तोंडात जायचं नाही, ट्रीट नाही, चवीची गोळी नाही, लहान मुलाच्या हातून पडलेलं बिस्किटसुद्धा नाही. इथं लोक महागडा ससा आणतात आणि पैसे वाचवायला सोबत कोंबडीची कलेजी घालतात, किंवा जिथं दिवसभर कोंबडी दळतात त्याच मशीनमधून सशाचा खिमा करून आणतात. मग खाज थांबत नाही, "ससा पण सूट होत नाही" असं ठरतं आणि दोन महिन्यांचा सगळा खर्च पाण्यात. या आठ आठवड्यांपुरता तरी खिमा घेऊ नका, तुकडे घ्या, ते निदान डोळ्यांना दिसतात. "रॅबिट मिक्स" लिहिलेल्या पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा.

आणि ज्या कुत्र्याला कसलीच ॲलर्जी नाही त्याला रोज ससा कशाला? आठवड्यातून एखादं जेवण पुरे. उलट उद्या खरंच ॲलर्जी निघाली तर "कधी न खाल्लेलं" म्हणून हातात काहीतरी शिल्लक राहायला हवं.

फुकटचा जंगली ससा

ओळखीतला कुणी शिकार करतो, फुकट देतो, मग काय वाईट, असं वाटतं. सशाच्या पोटात यकृताजवळ वाटाण्याएवढे पाणीदार फुगे दिसले तर ते टेपवर्मचे असतात, सशातून कुत्र्यात जाणारा हा नेहमीचा जंत आहे. उणे २० अंशांवर आठ-दहा दिवस ठेवलं की तो मरतो. पण फ्रीजरनं सगळंच सुटतं असा समज नको, साल्मोनेला गोठवून मरत नाही, टुलारेमिया नावाच्या आजाराचे जंतूही त्यातून वाचू शकतात, आणि हा आजार ससा सोलताना माणसालाच लागतो, म्हणून हातमोजे हवेतच. छर्ऱ्यानं मारलेला असेल तर शिशाचे तुकडे आत. सुस्त होता म्हणून सहज हाती लागला असा ससा तर मुळीच घेऊ नका, सुस्त का होता हा प्रश्न पडायला हवा. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर कच्च्या मटणाचाच एकदा नीट विचार करा.

एकदम साठा, किंवा थेट पिंजरेच

घाऊक घेतलं की भाव उतरतो हे खरं, पण सशाची चरबी बकऱ्यापेक्षा मऊ, असंतृप्त जास्त, त्यामुळे फ्रीजरमध्येही लवकर खवट होते. चार-पाच महिन्यांत संपेल एवढंच घ्या, हवा काढून पॅक करा आणि वाटणीवर तारीख टाका. कुरियर, बर्फ आणि फ्रीजरची वीज धरून मगच "स्वस्त पडलं" म्हणा. सुके केसाळ कान वगैरे ट्रीटचा किलोचा भाव एकदा काढून बघा, हसू येईल.

घरीच ससे पाळू म्हणणाऱ्यांसाठी आकडा असा. एक मादी वर्षाला पाच वेळा व्याली, प्रत्येक वेळी सहा-सात पिल्लं जगली तर ड्रेस केलेलं चाळीसेक किलो मटण. २० किलोच्या कुत्र्याला फक्त सशावर ठेवायचं तर वर्षाला अडीचशे किलोच्या आसपास लागतं, म्हणजे डोकी-कलेज्या सगळं वापरूनही पाच-सहा माद्या आणि एक नर, आणि खाद्य दीड टनाच्या पुढे. वर उन्हाळा, तीस अंशांच्या पुढे नर काही काळ निकामी होतात आणि वीण लांबते, पण खाणं काही थांबत नाही. आठवड्याला एक जेवण सशाचं हवं असेल तर एक मादी पुरते, तिथं हे परवडू शकतं, अर्थात मारायचं कोण हे घरात आधी ठरवून घ्या.

आणि घरात हौसेचा ससा असेल, तर बाहेरचं सशाचं मटण आणताना जास्तच जपून. सशांना होणारा रक्तस्रावाचा विषाणू कुत्र्याला काही करत नाही पण गोठलेल्या मटणात तो टिकतो आणि हातावरून, भांड्यावरून, कुत्र्याच्या तोंडावरून पिंजऱ्यापर्यंत पोचतो. लस मिळत असेल तर आधी ती द्या, नाहीतर त्या घरात कुत्र्याला दुसरं कुठलंही मटण चालेल.