पेडणे ते मडगाव: कामाच्या दिवशी गाडीत माणसं किती, हे कसं मोजावं

"सकाळच्या गाडीला भयंकर गर्दी असते, डबे वाढवा." असे अर्ज आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूने किती गेले असतील! खाली सह्या भरपूर, आत आकडा एकही नाही. अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याच्यापुढे तिकीटविक्रीचा कागद असतो. त्या कागदात गर्दी दिसत नाही, म्हणून अर्ज फाईलीला लागतो.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये काम करते आणि पेडण्याहून पासावर ये-जा करते. माल मोजणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे माणसं मोजायची पद्धत मला कुणी शिकवावी लागली नाही, फक्त ती रेल्वेला बसवावी लागली. तुमच्या स्टेशनावर असं काही करायचं मनात असेल तर पुढचं वाचा.

आधी रेल्वेकडचा आकडा नीट समजून घ्या

रेल्वेच्या हिशेबात प्रवासी धरला जातो तो जिथून निघाला त्या स्टेशनावर. पेडण्याहून मडगावचं तिकीट काढलं की पेडण्याच्या खात्यात एक. मडगावला तुम्ही उतरलात, पण तिथल्या या खात्यात तुम्ही नाही. संध्याकाळी परतीचं तिकीट काढाल तेव्हा मडगावला एक. म्हणून वेर्ण्यासारख्या स्टेशनावर सकाळी लोंढा उतरत असला तरी तो वेर्ण्याच्या सकाळच्या तिकीटविक्रीत शोधून सापडणार नाही.

पासवाल्यांचं गणित आणखी वेगळं. मासिक पास म्हणजे महिन्याला ५० फेऱ्या असं रेल्वे धरून चालते, २५ दिवस जायचे नि यायचे. आता बघा, बँकेतला माणूस महिन्यात २२ दिवस गेला तर त्याच्या फेऱ्या ४४ होतात. आमच्या वसाहतीत शनिवारी बऱ्याच कंपन्या चालू असतात, तिथे २६ दिवस भरले तर ५२. मे महिन्यात दहा दिवस रजा टाकणाऱ्याच्याही ५०च. म्हणजे पासांचा आकडा वर्षाच्या हिशेबाला ठीक आहे, पण बुधवारी सकाळी डब्यात किती माणसं उभी होती हे त्यावरून कळायचं नाही.

तरीही हा आकडा मागवाच, कारण तुलनेला लागतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागताना 'प्रवासीसंख्या कळवा' असं मोघम लिहू नका. स्टेशनाचं नाव, महिना, अनारक्षित तिकिटांवरचे प्रवासी वेगळे, पास वेगळे, आणि पास कुठून कुठपर्यंतचे, असं फोडून मागा. गोव्यात अर्ज दोन करावे लागतात. पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण ही कोकण रेल्वेची. वास्कोहून कुडचडे, कुळ्याकडे जाणारा फाटा दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. एकाला विचारलेलं दुसऱ्याच्या अंगावर ढकललं जातं, त्यात महिना जातो.

कामाचा दिवस कुठला

इथेच बहुतेकांचं मोजमाप फसतं. सोमवार ते शुक्रवार सगळे सारखे, असं धरू नका. सोमवारी शनिवार-रविवार गावी जाऊन आलेले असतात. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी थिवी स्टेशनाचा चेहराच वेगळा. टोपल्या, फुलं, भाजी, सगळं दारातच. म्हणून मूळ आकड्यासाठी मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या. सोमवार नि शुक्रवार मोजायचे तर त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. वेर्ण्यासाठी शनिवारही मोजा. सरकारी कचेऱ्या बंद असल्या तरी तिथे कामगार उतरतो, आणि पणजीकडे जाणारी करमळीची गर्दी त्या दिवशी नसते.

चतुर्थीच्या आसपासचे दिवस सोडूनच द्या, तेव्हा गाडीत चढणं हेच कर्तृत्व. कार्निव्हल, शिगमो, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ ते नवं वर्ष, शाळांची सुट्टी, हेही वगळा. उरतो तो काळ पुरेसा आहे.

आणि पावसाळा कोरड्या दिवसांत मिसळू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. आधी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. वेग कमी, वेळा बदललेल्या. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली होती. असा आठवडा मोजून काय उपयोग? एक मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत, एक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही वेगवेगळ्या दाखवा.

प्रत्येक गाडी निदान तीन कामाच्या दिवशी मोजा आणि तीनांतला मधला आकडा धरा. सरासरी काढू नका. एखाद्या दिवशी अख्खं वऱ्हाड थिवीला चढतं आणि सरासरी फुगवून जातं.

प्रत्यक्ष मोजणी

गोव्यात मुंबईसारखी लोकल नाही. आपला रोजचा माणूस कारवार–पेडणे डेमूत, म्हणजे डिझेलवरच्या पॅसेंजर गाडीत, असतो तसा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या जनरल डब्यांतही असतो. त्यामुळे कुठल्या कुठल्या गाड्यांत तुमची माणसं बसतात, याची यादी आधी फलाटावरच्या लोकांना विचारून करा. वेळापत्रकावरून करू नका, कारण थांबा असूनही पास न चालणारी गाडी त्यात असतेच.

मोजणारी माणसं फलाटावर उभी करण्यापेक्षा गाडीत बसवलेली बरी. एका डब्याला एक माणूस, पहिल्या स्टेशनापासून शेवटपर्यंत. आमच्याकडे कॉलेजच्या एनएसएसची मुलं तयार होतात. तिकीट मात्र प्रत्येकाचं हवं. फलाटावर उभं राहायचं असेल तर १० रुपयांचं फलाट तिकीट, ते दोन तास चालतं. स्टेशनमास्तरांना आदल्या दिवशी जाऊन सांगून या, आणि फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

हत्यार म्हणाल तर नामजपाचं बोटात घालायचं काउंटर. देवळाबाहेरच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं. दोन घ्या. उजव्या हातात चढणारे, डाव्या हातात उतरणारे. गाडी सुटली की दोन्ही आकडे वहीत उतरवायचे आणि लगेच शून्यावर आणायचे. गाडी हलल्यावर उभ्या माणसांची डोकी मोजायची, तो तिसरा आकडा. डेमूच्या रुंद दारात दोन-दोन माणसं एकदम घुसतात, तिथे जोडीला एकदा दाबायचं आणि शेवटी दुप्पट करायचं. कडेवरचं मूल मोजायचं नाही. विनातिकीटवाला मोजायचा. तो जागा अडवतोच, आणि त्याची तपासणी आपलं काम नव्हे.

वहीत रकाने हवेत ते एवढेच: तारीख, गाडी, डबा, स्टेशन, गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ, उतरले, चढले, उभे, आणि चढता न आलेले. हा शेवटचा रकाना लोक विसरतात. वेळेचा रकाना मी हट्टाने ठेवते. आपली बरीच लाईन एकेरी आहे. पुढून एक्स्प्रेस येत असली की पॅसेंजर बाजूला घेऊन थांबवतात. गाडी अर्धा तास उशिरा असली तर पेडण्यातला माणूस फलाटावरून सरळ हमरस्त्यावर जाऊन बस पकडतो. त्या दिवशीची कमी गर्दी म्हणजे मागणी कमी असं कुणी वाचू नये.

मोजताना लोक विचारणारच. एकदा बाजाराला चाललेल्या एका आजीने विचारलं, "काय गो मोजतंस?" मी सांगितलं, "तुकाच मोजतंय." तिने लगेच शेजारणीला सरकवून मला टेकायला जागा केली, वर आपल्या सुनेचं पास-पुराण ऐकवलं. अशा गप्पांतून जे कळतं ते काउंटरमध्ये येत नाही, म्हणून वहीची मागची पानं मोकळी ठेवा.

हिशेब

स्टोअर्समध्ये आम्ही आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक असं मांडून अखेरची शिल्लक काढतो. गाडीलाही तेच लावायचं. समजा, सकाळची एक गाडी सावंतवाडीहून १८० माणसं घेऊन निघाली. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. पेडण्याला ५ उतरले, ६० चढले, झाले २३५. थिवीला ४० उतरले, ९० चढले, झाले २८५. करमळीला ११० उतरले, ३० चढले, राहिले २०५. वेर्ण्याला ९० उतरले, ५ चढले, राहिले १२०. ते मडगावला उतरले.

आता एकूण चढलेले ३६५. अर्जात लोक हाच आकडा लिहितात, कारण मोठा दिसतो. पण डब्यांची मागणी त्यावर उभी राहत नाही, ३६५ माणसं एका वेळी गाडीत कधीच नव्हती. तुम्हाला हवा तो २८५, थिवी ते करमळी या टप्प्यातला. गाडीची आसनं २२० असतील तर त्या टप्प्यात ६५ जण उभे, म्हणजे दर १०० आसनांमागे १३० माणसं. आसनसंख्या डब्यावर रंगवलेली असते, ती बघूनच लिहा. हा एक टप्पा नि एक गुणोत्तर अर्जाच्या पहिल्या ओळीत घाला.

ताळा सोपा आहे. सगळे चढलेले आणि सगळे उतरलेले सारखे यायला हवेत. वर ५, ४०, ११०, ९० आणि १२० मिळून ३६५ होतात. तुमच्या वहीत शंभरात पाचापेक्षा जास्त फरक आला तर ती फेरी बाद करा, आकडे चेपून जुळवू नका. आमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

दिवसभराचा आकडा हवा असेल तर सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या गाड्या पुऱ्या मोजा. दुपारच्यांतल्या एक-दोन मोजून बाकीच्यांचा अंदाज करा, पण अंदाजाचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. मडगावला गाडी बदलणाऱ्यांचंही भान हवं. काणकोणहून येऊन वास्कोच्या गाडीत बसलेला माणूस दोन गाड्यांत दोनदा मोजला जातो. फेऱ्या दोन, माणूस एकच. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कुठला कुठे वापरला ते लिहा.

लांब पल्ल्याच्या गाडीत रोजचे आणि पाहुणे वेगळे काढावे लागतात. कोकणकन्येतून थिवीला ट्रॉलीबॅग घेऊन उतरणारे तुमच्या मोजणीतले नव्हेत. खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हे रोजचे. खात्री नसेल तर विचारा. दक्षिणेकडे कोंकणीतच विचारा, "खंय देंवतले?" (कुठे उतरणार?), आणि पास आहे की तिकीट. तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोलाचा: उतरल्यावर पुढे कशाने जाता? थिवीहून म्हापसा, करमळीहून पणजी, वेर्णा स्टेशनाहून वसाहत, हे शेवटचे काही किलोमीटर जमले नाहीत तर माणूस दुचाकीच काढतो. पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, रोज पैसे देणं पासवाल्याला परवडत नाही. डबा वाढवण्यापेक्षा गाडीच्या वेळेला जोडलेली एक कदंब बस (आपली सरकारी एसटी) जास्त माणसं आणील, असं तुमच्या वहीतून दिसलं तर तसं लिहा.

वास्को–कुळे बाजूला पद्धत हीच, फक्त दोन गोष्टी बघा. सावर्डे-कुडचडे आणि चांदरकडून मडगावला जाणारी कॉलेजची मुलं बरीच असतात, तेव्हा परीक्षांचे नि सुट्ट्यांचे दिवस टाळा. कुळ्याला दूधसागरचे पर्यटक येतात, ते वेगळे काढा.

कागद कुठे जाणार

मोजणी दोन पानांत बसवा. पहिल्यावर सर्वात भरलेला टप्पा, गुणोत्तर, तारखा आणि मोजण्याची रीत. दुसऱ्यावर तक्ता. कच्ची वही झेरॉक्स करून सोबत जोडा, खाडाखोडीसकट. गोव्यातल्या कोकण रेल्वेच्या स्टेशनांसाठी तो कारवारच्या विभागीय कार्यालयात द्या, वास्को–कुळ्यासाठी हुबळीच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे. एक प्रत राज्याच्या वाहतूक खात्याला. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं तेव्हा त्यात गोव्याचा ६ टक्के वाटा होता, त्यामुळे राज्याने यात बोलणं गैर नाही.

मागणी एकच लिहा. डबा हवा, वेळ बदलून हवी की थांबा हवा, तिन्ही एकत्र मागितलं की उत्तर सर्वात सोप्या मागणीला मिळतं. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची मोजणी कुठल्या महिन्यात करणार ते अर्जाच्या शेवटी लिहा, आणि त्या महिन्यासाठी मुलांची नावं आत्ताच घेऊन ठेवा. परीक्षा जवळ आल्या की कुणी सापडत नाही.