व्हिजिटिंग कार्डावर ब्रेल टाकताय? आधी नंबर टाका

बेळगावात कार्ड छापून घेताना त्यावर ब्रेल पण हवं असेल तर प्रेसवाल्याला आधीच सांगा की ठिपके शाईने छापायचे नाहीत, उठावाचे पाहिजेत, कारण मला पहिल्या खेपेला नुसते काळे ठिपके छापून मिळाले आणि बोटाला काहीच लागेना, सगळी कार्डं वाया गेली.

ब्रेलचं एक अक्षर, म्हणजे सहा ठिपक्यांचं एक घर, साधारण ६ मिमी जागा खातं, म्हणजे ९० मिमीच्या कार्डावर एका ओळीत १३च्या आसपास अक्षरं बसतात. म्हणून सगळा पत्ता कोंबू नका, नाव आणि मोबाईल नंबर बस्स. नंबरला अंकचिन्ह (पुढे आकडे आहेत हे सांगणारी खूण) धरून ११ घरं लागतात, आरामात बसतो.

आपल्याकडची एक छान गोष्ट म्हणजे भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामायिक ब्रेलमध्ये, मराठी 'क' आणि कन्नड 'क' दोन्हीला ठिपके तेच, घरातले १ आणि ३ नंबरचे, त्यामुळे खानापूर-निपाणीकडचं नाव दोन्ही भाषांच्या वाचकांना वाचता येतं.

थोडीच कार्डं असतील तर ब्रेल पाटी आणि स्टायलस (ठिपके टोचायची टोकदार सळी) घेऊन घरीच करा, फक्त मागच्या बाजूने उजवीकडून डावीकडे टोचायचं. आणि पहिलं कार्ड ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात द्याच.