फाल्गुनातच लावा पुदिना आणि गवती चहा

सोलापुरात वसंत फार थोडा टिकतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बारमाही रोपं होळीच्या आसपासच लावून घ्यावीत, म्हणजे कडक ऊन पडेपर्यंत मुळं धरतात.

पुदिन्यासाठी नर्सरीत जायची गरजच नाही. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत लावा, पण वेगळ्या. पुदिना शेजारच्या रोपाला जागा ठेवत नाही. गवती चह्याचं ठोंब शेजाऱ्यांकडून मुळासकट मागून आणावं, पाती वीतभर ठेवून कापावीत.

आपली काळी माती एकटी वापरू नका. ती वाळली की भेगाळते, मुळं तुटतात. निम्मं शेणखत किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळाच. कुंड्या पूर्वेला, सकाळचं ऊन मिळेल अशा ठेवा. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या, ओल टिकते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालतं.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, झाड भरगच्च होतं. आणि मोगरा? तो एक तरी हवाच! छाटणी राहिली असेल तर याच आठवड्यात करा.