सी प्लस प्लस मधून डब्ल्यूपीएफ ॲप उघडताना थ्रेडच्या या चुका टाळा

नागपूरकडे हिंगणा, बुटीबोरी, कळमना, कुठंही धर्मकाट्याचं, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याचं, सॉफ्टवेअर पाहिलं तर सांगाडा बहुतेक एकच असतो. खाली जुना सी प्लस प्लस चा प्रोग्राम, जो सिरियल पोर्टवरून वजन वाचतो, आणि वर नंतर कोणीतरी डब्ल्यूपीएफ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधल्या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत, बनवलेली स्क्रीन. जुना प्रोग्राम स्वतःच डॉट नेट लोड करतो आणि स्क्रीन उघडतो. आणि मग मला फोन येतो, "सर, स्क्रीन उघडूनच नाही राहिली, माझ्या मशीनवर तर बरोबर चालून राहिली होती."

एरर जवळजवळ ठरलेला असतो, द कॉलिंग थ्रेड मस्ट बी एसटीए. थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये चालणारी कामाची एक साखळी, आणि अपार्टमेंट म्हणजे त्या थ्रेडनं विंडोजच्या कॉम ऑब्जेक्टशी कसं वागायचं तो नियम; एसटीए आणि एमटीए हे त्याचे दोन प्रकार. आता हे काऊन येतं ते नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के पोट्टे ते न समजताच नेटवरून एक ओळ उचलतात, मेन वर एसटीएथ्रेड चा ॲट्रिब्यूट चिकटवतात आणि काही फरक पडला नाही की विंडोजला शिव्या देतात. तो ॲट्रिब्यूट फक्त तेव्हाच कामाचा जेव्हा प्रोग्रामची सुरुवात त्या सी शार्पच्या मेन पासून होते. तुम्ही सी प्लस प्लस मधून होस्टिंग करून, म्हणजे डॉट नेट स्वतः लोड करून, एखादी स्टॅटिक मेथड बोलावली तर थ्रेड आधीच जन्मलेला असतो, त्याचं अपार्टमेंट एकतर नेटिव्ह बाजूनं ठरवलेलं असतं नाहीतर कोणीच ठरवलेलं नसतं, आणि न ठरवलेला थ्रेड डब्ल्यूपीएफला चालत नाही. तो ॲट्रिब्यूट तिथं कोणी वाचतसुद्धा नाही.

मागच्या एका उन्हाळ्यात बुटीबोरीच्या एका काट्यावर हेच झालं. बनवणाऱ्या पोट्ट्यानं तसं बरोबर केलं होतं, सी प्लस प्लस च्या मेन मध्ये कोइनिशियलाइझईएक्स ला, म्हणजे थ्रेडचं अपार्टमेंट ठरवणाऱ्या विंडोजच्या फंक्शनला, एसटीए सांगितलं होतं, ऑफिसात सगळं मस्त चालायचं. साईटवर लावलं की प्रोग्राम उघडून दुसऱ्या सेकंदाला गायब. इव्हेंट व्ह्यूअर मध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नलबेस.डीएलएल आणि कोड ई०४३४३५२, बस. त्यानं डॉट नेट पुन्हा टाकलं, मग अँटीव्हायरस काढला, मग विंडोजच फॉरमॅट केलं, आणि इतका वेळ बाहेर ट्रकांची लाईन, आत ऑपरेटर इंडिकेटरवरचा आकडा पाहून हातानं पावत्या लिहून राहिला होता.

तर ई०४३४३५२ म्हणजे विंडोज खराब नाही. तो फक्त एवढंच सांगतो की डॉट नेटचं एक एक्सेप्शन कोणी पकडलं नाही आणि ते नेटिव्ह बाजूला जाऊन फुटलं. खरा मेसेज त्याच्याच आजूबाजूला डॉट नेट रनटाइम नावाच्या नोंदीत असतो, ती कोणी उघडतच नाही. आम्ही उघडली, तिथं तेच एसटीएचं रडगाणं. मग मी त्याला म्हटलं की बाबू, कोइनिशियलाइझईएक्स काय परत देऊन राहिलं ते छाप. छापलं तर ०एक्स८००१०१०६, म्हणजे आरपीसी ई चेंज्ड मोड. या थ्रेडचं अपार्टमेंट आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलंय, आता बदलणार नाही, असं विंडोज स्पष्ट सांगत होतं आणि कोडमध्ये ती किंमत कोणी पाहतच नव्हतं.

तो दुसरा कोण, तर इंडिकेटरच्या ड्रायव्हरची डीएलएल. पोर्ट उघडताना ती त्याच मेन थ्रेडवर गुपचूप एमटीए करून ठेवायची, आणि पोर्ट आमच्या ओळीच्या आधी उघडायचा. ऑफिसात काटाच नव्हता, सिम्युलेटर होता, ती डीएलएल लोडच होत नव्हती. म्हणून ऑफिसात चालायचं.

यावर माझी सवय सांगतो, पद्धत म्हणा नाहीतर हट्ट म्हणा. होस्टनं दिलेल्या थ्रेडवर मी कधीच विंडो उघडत नाही, तो एसटीए असला तरी नाही. सी शार्पच्या एंट्री मेथडमध्ये पहिलं काम नवीन थ्रेड बनवणं, सेटअपार्टमेंटस्टेट ने एसटीए करणं, मग स्टार्ट, आणि ॲप्लिकेशन बनवण्यापासून रन पर्यंत सगळं त्या थ्रेडच्या आत. ट्राय कॅच पण त्याच थ्रेडच्या आत, बाहेरचा कॅच दुसऱ्या थ्रेडचं एक्सेप्शन पकडत नाही. थ्रेड आपला असला की कोणाच्या डीएलएलनं मेन थ्रेडचं काय केलं याच्याशी आपल्याला घेणंदेणं राहत नाही. आणि क्रम पाळा, आधी सेटअपार्टमेंटस्टेट आणि नंतरच स्टार्ट, उलटं केलं तर तिथंच एक्सेप्शन.

विंडो चमकून लगेच गायब होत असेल तर तुमचं नेटिव्ह मेन संपून राहिलं आहे. मेन परतलं की अख्खी प्रोसेस जाते, थ्रेड फोरग्राउंड असला तरी वाचत नाही. थांबायची सोय करा.

डीएलएलमेन मधून, म्हणजे डीएलएल लोड होताना विंडोज बोलावतं त्या फंक्शनमधून, हे काही सुरू करू नका. तिथं लोडर लॉक धरलेला असतो, थ्रेड बनवून त्याची वाट पाहिली की कायमचं लटकलं.

दुसऱ्यांदा स्क्रीन उघडताना एरर येतो? एका ॲपडोमेनमध्ये, म्हणजे साधारण एका चालत्या प्रोग्राममध्ये, ॲप्लिकेशनचा ऑब्जेक्ट एकदाच बनतो. शटडाउन मोड ऑनएक्सप्लिसिटशटडाउन ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच थ्रेडवर नुसती नवीन विंडो उघडा.

आता माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय, डिस्पॅचर.इन्व्होक, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवरून स्क्रीनच्या थ्रेडला (यूआय थ्रेड) काम देणं आणि ते होईपर्यंत थांबणं. ड्रायव्हर आपल्या थ्रेडवरून सेकंदाला दहा वेळा वजन पाठवतो, ते थेट टेक्स्टबॉक्समध्ये टाकलं की डिफरंट थ्रेड ओन्स इट म्हणून ओरडतं, मग पोट्टे प्रत्येक कॉलबॅकमध्ये, म्हणजे ड्रायव्हर वजन देताना बोलावतो त्या फंक्शनमध्ये, इन्व्होक टाकतात आणि दिवसभर छान चालतं. संध्याकाळी ऑपरेटर विंडो बंद करतो आणि सगळं गोठतं, टास्क मॅनेजरमधून मारावं लागतं. कारण बंद होताना यूआय थ्रेड ड्रायव्हरला थांब म्हणतो आणि वाचणारा थ्रेड संपायची वाट पाहत बसतो, आणि तो वाचणारा थ्रेड नेमका इन्व्होकमध्ये यूआय मोकळा व्हायची वाट पाहत बसलेला असतो. हे रोज होत नाही, वेळ जुळली तरच होतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

यावर लोक काय करतात तर स्टॉपच्या आधी थ्रेड.स्लीप दोन सेकंद. मला या स्लीपचा मनापासून राग आहे. मशीन स्लो झालं की तोच बग परत, आणि तोपर्यंत कोड लिहिणारा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. विनफॉर्म्स, म्हणजे डॉट नेटची जुनी स्क्रीन लायब्ररी, वापरणारे त्याहून पुढचे, चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स करून मोकळे होतात, म्हणजे चूक तशीच ठेवून फक्त तक्रार बंद. असं करू नका, खरंच. निदान बिगिनइन्व्होक वापरा, तो वाट पाहत नाही. मी तर तेही टाळतो, कॉलबॅकमध्ये फक्त शेवटचं वजन एका लॉकखालच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि यूआय थ्रेडवरचा डिस्पॅचरटायमर ते वाचून दाखवतो. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला चार-पाच वेळा बदललेला आकडा भरपूर झाला.

कॉलबॅकचा डेलिगेट, म्हणजे नेटिव्ह बाजूला दिलेला फंक्शनचा पत्ता धरणारा ऑब्जेक्ट, स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्टर, म्हणजे डॉट नेटचा मेमरी साफ करणारा, तो उचलतो आणि अर्ध्या तासानं नेटिव्ह बाजू रिकाम्या जागी उडी मारते.

मॅकवर हेच काम असेल तर माझा वरचा सल्ला चालणार नाही, तिथं उलटं आहे. विंडो फक्त मेन थ्रेडवरच, स्वतःचा थ्रेड बनवून उपयोग नाही. जावामध्ये एसडब्ल्यूटी ही स्क्रीन लायब्ररी वापरणाऱ्यांना एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड चा पर्याय त्यासाठीच द्यावा लागतो.

आणि फोन करण्याआधी लॉगमध्ये तीन गोष्टी छापून पाठवत जा: विंडो उघडायच्या लगेच आधी थ्रेडचा आयडी, गेटअपार्टमेंटस्टेट काय म्हणतं ते, आणि नेटिव्ह बाजूच्या प्रत्येक कोइनिशियलाइझईएक्स नं काय परत दिलं ते. साईटच्या मशीनवरचं पाठवा, तुमच्या लॅपटॉपवरचं नको.